आठवणी टिपायच्या, तर लेन्स कोणती?

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत लेन्सवर बोलायचे म्हणजे आरतीच्या तबकात पाना-पेचकस ठेवल्यासारखे वाटेल. पण आपल्या घरांतल्या ऐंशीच्या घरातल्या मंडळींच्या मुलाखती चित्रित करून ठेवायच्या, असे मंडळाने ठरवले आहे. त्यासाठी वर्गणीतून थोडी रक्कमही बाजूला काढली आहे. कॅमेरा एका सभासदाने दिला, त्याला लेन्स मात्र नाही. ती पाहण्याचे काम आम्हा चौघांकडे आले. पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून हिशेब सगळ्यांपुढे मांडतो.

घाई कशासाठी, ते आधी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. घरात मराठी, अंगणात कन्नड, अशी दोन्ही भाषांत वाढलेली ही पिढी. कुणी जी. ए. कुलकर्णींच्या वर्गात इंग्रजी शिकले, कुणी मल्लिकार्जुन मन्सूरांना रस्त्याने जाताना पाहिले, कुणाच्या घरी गंगूबाई हनगलांचे येणे-जाणे होते. त्या थोरांचा आवाज जतन झालेला आहे. आपल्या आजीचा झालेला नाही. आणि आजी जे मराठी बोलते, ते पुण्यात कुणी बोलत नाही, आपली नातवंडेही बोलत नाहीत.

“मोबाईल आहे की!” असे बहुतेकांनी म्हटले. मोबाईल वाईट नाही. अंगणात, उजेडात तो छान काम करतो. पण आपल्या जुन्या घरांतला सोपा आणि माजघर अंधारे. तिथे मोबाईलचे चित्र रवाळ होते. शिवाय फोकस तो स्वतःच ठरवतो. आजोबा बोलता बोलता हात पुढे करतात, आणि फोकस चेहरा सोडून हातावर जातो. तास-दीड तासाच्या मुलाखतीत असे दहा वेळा झाले, की पाहणारा कंटाळतो.

आता आपला कॅमेरा. तो मायक्रो फोर थर्ड्स जातीचा आहे. त्याचा सेन्सर १७.३ गुणिले १३ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या रोलच्या ३६ गुणिले २४ च्या चौकटीचा जेमतेम चौथा हिस्सा. लहान सेन्सर म्हणजे कमीपणा असे समजू नका. सेन्सर लहान, म्हणून लेन्सला प्रकाशाचे वर्तुळही लहानच पाडावे लागते. त्यामुळे लेन्स लहान आणि स्वस्त करता येते. गेल्या काही वर्षांत मायके, सेव्हन आर्टिसन्स, सिरुई अशा चिनी कंपन्यांनी या लहान सेन्सरांसाठी हाताने फोकस करायच्या सिनेमा-लेन्स काढल्या आहेत. (मायके हे नाव माहेरासारखे वाटते, पण माहेर चीनमध्ये!) आत मोटर नाही, इलेक्ट्रॉनिक भाग नाही, निव्वळ काच आणि धातू.

साध्या लेन्सपेक्षा यांत वेगळे काय, हे आम्हीही हातात घेऊन पाहिले. फोकसची कडी लांब फिरते. चेहऱ्यावरून हळूच मागच्या फोटोवर जायचे तर बोटांना वाव मिळतो. कडीला दाते असतात, त्यामुळे बाजूचे चाक फिरवून फोकस बदलता येतो. उजेड कमी-जास्त करणारी कडी टकटक न करता सरकते, हे फार उपयोगाचे, कारण ती टकटक माइकमध्ये स्पष्ट ऐकू येते. आणि आकडे ‘एफ’ऐवजी ‘टी’मध्ये असतात. एफ हा भोकाच्या मापाचा हिशेब, तर टी म्हणजे काचांमधून गळून प्रत्यक्ष पोचणारा उजेड. एक लेन्स काढून दुसरी लावली आणि दोन्ही टी ४ वर ठेवल्या, तर चेहरा तेवढाच उजळ दिसतो.

विकणारे टी १.०५, टी १.२ असे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात. त्याला भुलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ५० मिलिमीटरची लेन्स टी २ च्या आसपास उघडी ठेवून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीतलेच स्पष्ट दिसते. अप्पा जरा पुढे वाकले की डोळे धूसर! २५ मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवर, टी ४ वर ठेवली, तर हीच खोली चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. अप्पांनी खुशाल हातवारे करावेत.

मग कोणत्या घ्यायच्या? आम्ही खोल्या मोजल्या. २५ मिलिमीटरच्या लेन्समधून दोन मीटरवर सुमारे १.४ मीटर रुंदी दिसते, म्हणजे खुर्चीतला माणूस, शेजारचे तांब्या-भांडे आणि थोडी भिंत. ५० मधून दोन मीटरवर ७० सेंटिमीटरच, म्हणजे फक्त चेहरा आणि खांदे. पण हीच ५० बैठकीत आठ मीटरवरून लावली, तर पावणेतीन मीटर दिसते: गायक, तबला आणि पेटी. १२ ची रुंद लेन्स सगळ्यांना हवीशी वाटते, पण जवळून चेहरा घेतला की ती नाक मोठे करते. ती आम्ही यादीतून काढली.

आमचा प्रस्ताव असा. २५ ची टी २.२ ची एकच सिनेमा-लेन्स नवी घ्यावी. ५० नवी घेऊ नये, ती आपल्याच माळ्यावर आहे. निकॉन, पेंटॅक्स, याशिका यांचे रोलचे कॅमेरे आपल्यापैकी कितीतरी घरांत ट्रंकेत पडले आहेत, आणि त्यांतल्या ज्यांची लेन्स सुटी होते, त्यांना बहुधा ५० मिलिमीटरचीच असे. मधे एक साधी धातूची कडी घातली की ती आपल्या कॅमेऱ्यावर बसते. त्या कडीत काचही नसते. आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांची लेन्स मात्र सुटत नाही, तेव्हा ते आणू नका, शोकेसमध्येच शोभतात. निकॉनची कडी सिनेमा-लेन्सच्या उलट बाजूला फिरते, एवढी सवय करावी लागेल.

आणताना एक पाहा. धारवाडचा पावसाळा लेन्सला मानवत नाही. लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. थोडी असेल तर चित्र बिघडत नाही, पण ती लेन्स दुसऱ्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. आणि कृपा करून धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नका.

उरलेले पैसे माइक आणि तिवईवर खर्च व्हावेत. चित्र थोडे कमी झाले तर चालते. आजीचा शब्द कळला नाही तर सगळेच गेले. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर ठेवायचे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे; नाही तर मंडपातले दिवे चित्रात लुकलुकतात.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेराच घरी घडवला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. आपल्याला तर फक्त माळा उघडायचा आहे.

लेन्स सापडली तर विसर्जनापूर्वी मंडळाच्या कचेरीत दाखवा; काम झाले की परत मिळेल, पावती देऊ. मुलाखतींची यादी दाराशी ठेवली आहे. घरातल्या ज्येष्ठांचे नाव, त्यांना सोयीची वेळ, आणि घरात खिडकीजवळ खुर्ची मावेल अशी जागा कुठे आहे, एवढे लिहा. नव्वदीच्या पुढच्यांची नावे वर घेतली आहेत. त्यांच्याकडे दसऱ्याच्या आधी जाऊ.