कावेरीकाठची मराठी : तंजावरच्या भोसले राजवटीचा सांस्कृतिक इतिहास

तंजावरवर भोसल्यांचा अंमल १६७६ पासून १८५५ पर्यंत होता. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून कावेरीच्या खोऱ्यात उतरले आणि तिथल्या नायक राजांची गादी त्यांच्या हाती आली. हे राज्य आकाराने लहान होते. पुढच्या काळात अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कचाट्यात ते सापडले, त्यामुळे राजकीय इतिहासात त्याच्या वाट्याला थोडी पाने येतात. मराठी नाटक, मराठी छपाई, भरतनाट्यम आणि दक्षिणेतील हरिकथा यांचा इतिहास मात्र तंजावर वगळून सांगता येत नाही. यामागचे कारण राजवटीच्या भाषाविषयक वृत्तीत आहे. राज्यकर्त्यांची मराठी तिथल्या भाषांच्या डोक्यावर बसली नाही. ती त्यांच्या पंक्तीला बसली.

व्यंकोजीराजांच्या हाती आलेला दरबार आधीपासूनच बहुभाषी होता. प्रजा तमिळ बोलत होती, नायकांच्या आश्रयाने तेलुगू ही काव्य-संगीताची भाषा झाली होती आणि शास्त्रचर्चा संस्कृतात चालत होती. मराठे आल्यावर दप्तर मोडीत लिहिले जाऊ लागले. राजघराण्याबरोबर कारकून, शास्त्री, शिलेदार आणि कीर्तनकारांची कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. मात्र तेलुगू कवींचा मान कमी झाला नाही आणि देवळांतील तमिळ परंपरेलाही धक्का लागला नाही. जुन्या घरात नवी भाषा आली, पण कोणाला घराबाहेर जावे लागले नाही.

या वृत्तीचा पहिला मोठा आविष्कार शाहजीराजांच्या कारकिर्दीत (१६८४–१७१२) दिसतो. हे व्यंकोजीराजांचे थोरले पुत्र. त्यांनी तिरुविसैनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि ते शाहजीराजपुरम म्हणून ओळखले जाऊ लागले. राजे स्वतः लेखक होते. तिरुवारूरच्या त्यागेशाच्या भक्तीतून त्यांनी ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे तेलुगू गेय नाट्य रचले. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका रंगभूमीवर आणल्या. १६९० च्या सुमाराचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांचे मराठी नाटक उपलब्ध मराठी नाटकांत सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. मराठी रंगभूमीचा आरंभ मानले जाणारे विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ मध्ये झाले. तंजावरची नाट्यपरंपरा त्याच्या दीडशे वर्षे आधीची आहे. या नाटकांचा साचा दक्षिणेतील यक्षगानाचा आहे. आरंभी गणेशाचे आगमन होते, ‘दरू’ नावाच्या गीतांतून कथा पुढे सरकते आणि गद्य संवाद त्यांना जोडून घेतात. म्हणजे भाषा मराठी, पण तिचे रंगभूमीवरील चालणे-बोलणे कावेरीकाठचे.

नंतरच्या राजांनी हा वारसा सांभाळला. तुळजाराजांनी (१७२८–१७३६) ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कर्नाटक संगीतातील रागांच्या अभ्यासकांना तो आजही पाहावा लागतो. प्रतापसिंहराजांच्या काळात (१७३९–१७६३) मराठी नाट्यलेखनाला बहर आला, आणि त्यांच्याच दरबारात मुद्दुपळणी या कवयित्रीने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य लिहिले. एकाच छत्राखाली एका भाषेत नाटक आणि दुसऱ्या भाषेत काव्य बहरणे, हे या दरबाराचे नित्याचे चित्र होते.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा मुलूख एवढ्यावरच राजाचा अधिकार उरला. तलवार म्यान झाल्यावर सरफोजीराजांनी आपली सारी शक्ती विद्येकडे वळवली. नायककाळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी काशीयात्रेत मिळवलेल्या पोथ्यांची आणि युरोपीय ग्रंथांची भर घातली. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग होत. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात. राजवाड्यातील छापखान्यात देवनागरी खिळे होते. इसापाच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर तेथे १८०६ मध्ये छापले गेले. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते आणि मुंबईत अमेरिकन मिशनचे पहिले मराठी पुस्तक १८१७ मध्ये निघाले. याचा अर्थ असा की छापील मराठीचे बालपण बंगाल आणि तमिळ देशात गेले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही सरफोजीराजांच्याच काळातला. चोळांनी उभारलेल्या मंदिरात, चोळांच्या तमिळ लेखांच्या सोबतीने, मराठीचा हा विस्तीर्ण शिलालेख आजही उभा आहे.

नृत्य-संगीताच्या क्षेत्रात सरफोजीराजांचा दरबार निर्णायक ठरला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा नृत्यक्रम बांधला, आणि आजच्या भरतनाट्यमचा कार्यक्रम त्याच क्रमाने चालतो. खुद्द राजांच्या नावावर मराठी नृत्यरचना आहेत. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. ‘देवेंद्र कोरवंजी’ या रचनेत तमिळ कुरवंजीतील भविष्य सांगणारी स्त्री मराठीतून भूगोल सांगते. लोकनाट्याचा तमिळ साचा, भाषा मराठी आणि विषय युरोपीय विद्येचा, असा तिहेरी संगम मराठी वाङ्मयात अपूर्व आहे. तंजावर शैलीच्या चित्रकलेलाही याच राजवटीचा आश्रय लाभला. सोन्याचा वर्ख आणि खडे लावून घडवलेल्या त्या देवचित्रांत दक्षिणी आणि मराठी कलावंतांच्या सवयी मिसळल्या.

दरबाराबाहेर ही संस्कृती छत्रांतून, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांतून, आणि मठांतून पसरली. रामेश्वराच्या वाटेवर राजघराण्याने, विशेषतः राजस्त्रियांच्या नावाने, छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध आहे. छत्रात वाटसरूंना जात न विचारता अन्न मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे, वाटेत बाळंत होणाऱ्या स्त्रीची शुश्रूषा होई आणि मुलांना शिकवले जाई. तंजावर आणि मन्नारगुडीच्या रामदासी मठांमुळे मराठी कीर्तन तमिळ श्रोत्यांच्या कानी पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची बांधणी आणि कर्नाटक संगीत यांची सांगड घालून हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे शब्द त्यामुळे तमिळ भागवतरांच्या बोलण्यात रुळले.

१८५५ मध्ये सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. दरबार संपला तरी त्याने पेरलेले संपले नाही. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून लोकांसाठी खुले आहे आणि त्यात मराठीची तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. मोडी दप्तराचे ढीग अभ्यासकांची वाट पाहत आहेत. तंजावरी मराठी आजही तमिळनाडूतल्या घरांत बोलली जाते. तिच्यात जुन्या मराठीची रूपे टिकून आहेत आणि तमिळची लकबही मिसळली आहे.

मराठी सत्तेच्या सांस्कृतिक इतिहासात म्हणून रायगड, सातारा आणि पुण्याइतकेच तंजावरचे स्थान मोलाचे आहे. दिल्लीवरची स्वारी किंवा चौथाईचा वसूल हे त्या सत्तेचे एक माप. परभाषेच्या देशात स्वतःची भाषा जपत यजमानांच्या भाषा वाढवणे हे दुसरे. पहिल्या मापाने तंजावर लहान ठरते. दुसऱ्या मापाने मराठीला त्याच्याइतके मोठे राज्य लाभलेले नाही. मोडी वाचणारे, तमिळ आणि तेलुगू जाणणारे मराठी अभ्यासक तयार झाले, तरच या राज्याचा पूर्ण इतिहास मराठीत लिहिला जाईल.