कार्ल्याचें लेणें आणि कागदावरील छेद

मळवली स्थानकावर उतरून कार्ल्याच्या डोंगराकडे पाहणाऱ्यास त्याच्या पोटांत एवढें प्रशस्त चैत्यगृह असेल अशी शंकाहि येत नाहीं. घराला बाहेरून चार बाजू असतात. लेण्याला एकच, तोंडाची. आंतील दालन मात्र प्रवेशद्वारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारें १२५ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. छायाचित्र कितीहि सुरेख असलें तरी जवळचा स्तंभ मोठा व दूरचा लहान दाखवितें. त्यावर पट्टी लावून माप घेतां येत नाहीं. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनीं लेण्यांवरील आपल्या १८८० सालच्या ग्रंथांत आराखडे व छेद दिले, त्यांचें मोल यांतच आहे.

छेद म्हणजे काय? श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत करवतीनें चिरला आणि अलीकडचा भाग दूर सारला. करवत ज्या दगडांतून गेली तेथें पंचेचाळीस अंशांच्या बारीक समांतर रेषा भरावयाच्या. पलीकडे जें नुसतें दिसतें तें ठळक रेषेनें काढावयाचें. आड दडलेल्या कडा तुटक रेषेनें. छताच्या लाकडी फासळ्या दगडाहून निराळ्या, म्हणून त्यांच्या छेदांतील रेषा उलट दिशेला कलतात. विद्यार्थी हौसेनें पोकळींतहि तिरप्या रेषा भरतात, आणि मग दगड कोठें संपला व हवा कोठें सुरू झाली हेंच कळेनासें होतें! आराखडा हा देखील छेदच, फक्त आडवा. त्यांत स्तंभ बिनचूक मोजतां येतात: दोन्ही बाजूंस १५-१५ आणि स्तूपामागें ७, एकूण ३७.

मापाचा नियम साधा आहे. १ : २०० या प्रमाणांत ३८ मीटरांचें दालन कागदावर १९ सेंटिमीटर भरतें, पण आंकडा लिहावयाचा तो खऱ्या लांबीचा, मिलिमीटरांत, ३८०००. तोहि एकदांच. दोन ठिकाणीं लिहिल्यास पुढें एक बदलतो आणि दुसरा जुनाच राहतो.

खरा घोंटाळा दर्शनांच्या मांडणींत होतो. भारतीय मानक ब्यूरोची शाळा-महाविद्यालयांसाठीं असलेली १९८८ सालची एसपी ४६ ही संहिता प्रथम कोन पद्धति सांगते: वरचें दर्शन पुढच्या दर्शनाखालीं, आणि डावीकडचें दर्शन उजवीकडे. अमेरिकेंत रूढ असलेली तृतीय कोन पद्धति नेमकी उलट. कोणती वापरली हें छाटलेल्या शंकूच्या लहानशा चिन्हानें दाखवितात. लोणावळ्यास उत्तराभिमुख बंगला बांधावयाचा आहे असें समजूं. समोरून पाहतां डावी भिंत पूर्वेची. खिडकी तींतच हवी, म्हणून तिचें दर्शन कागदावर उजवीकडे काढलें. गवंड्यानें चिन्ह न पाहतां तें उजव्या भिंतीचें मानलें, तर खिडकी पश्चिमेला उघडते, आणि आषाढांतला पाऊस सरळ माजघरांत येतो.