तिकिटाच्या रांगेवरचं छत

मुंबईचं चित्र काढायचं तर आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, म्हणजे सीएसएमटीचा, घुमट काढतो. कॅलेंडरवर तो, सिनेमात तो, गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या फोटोंतही तोच. पण त्या घुमटाच्या खाली प्रवासी नसतात, तिथे रेल्वेच्या कचेऱ्यांकडे जाणारा भव्य दगडी जिना आहे. प्रवाशासाठी घडवलेली सुंदर जागा त्याच्या उत्तरेला आहे. ती म्हणजे तिकीटघर! उंच कमानी, नक्षीचे खांब, गुळगुळीत संगमरवर, आणि छतावर रंगवलेल्या चांदण्या. त्या चांदण्यांवरूनच या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. मशिदला जायचं तिकीट घ्या नाहीतर कसाऱ्याचं, रांगेत उभं असताना डोक्यावर छत तेच. आज मला बोलायचंय ते या छताविषयी आणि त्याखालच्या रांगेविषयी.

१६ एप्रिल १८५३ रोजी याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ३४ किलोमीटरचं अंतर. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेल्या जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचे चेहरे आजही स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले दिसतात. पुढच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून जरूर शोधा.

सध्याच्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. वास्तुकार होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. दहा वर्षं काम चाललं, खर्च १६ लाखांच्या वर गेला. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हा, स्थानकाला तिचं नाव मिळालं. पुढे राणीचा पुतळा गेला, १९९६ मध्ये नावही गेलं, दर्शनी भागावरचं घड्याळ मात्र जागेवर आहे. समोरची महापालिकेची इमारत स्टीव्हन्स यांचीच, आणि चर्चगेटचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्यांचंच. पण मला त्यांच्याइतकंच कौतुक वाटतं ते जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं. खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं, मोर, माकडं या मुलांच्या हातची. गॉथिक धाटणीच्या इमारतीत आपल्या रानातले जीव शिरले ते त्यांच्यामुळे. २००४ मध्ये युनेस्कोनं या स्थानकाला जागतिक वारसा म्हटलं.

वारसा म्हटलं की आपण वस्तू काचेआड ठेवतो. इथे ते शक्यच नाही, कारण हे स्थानक रोज वापरात आहे. या स्थानकात रूळ संपतात. बाहेरगावची गाडी आली की तिचं इंजिन पुढे अडकतं, आणि रिकामी गाडी मागे ओढून धुण्यापुसण्यासाठी वाडीबंदरच्या यार्डात न्यावी लागते. तेवढा वेळ फलाट अडलेला. लोकलचं तसं नाही. तिच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, म्हणून आलेली गाडी न वळता उलट्या दिशेनं निघते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथून हार्बर मार्गानं कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, तिनं हे सोपं केलं. आज एकूण १८ फलाटांपैकी लोकलला फक्त सात आहेत, दोन हार्बरला आणि पाच मेन लाइनला. मध्य रेल्वे दिवसाला सुमारे १,८०० लोकल चालवते, त्यातल्या कितीतरी या सात फलाटांवर येतात आणि काही मिनिटांत परत निघतात. सकाळी साडेनवाला डबे रिकामे होताना पाहा. चालती गाडी थांबायच्या आत माणसं उतरतात, इंडिकेटरकडे न बघता सबवेकडे वळतात. मला विचाराल तर या स्थानकातलं सगळ्यात थोर शिल्प हेच.

आणि बाहेरगावच्या फलाटांकडचं दृश्य वेगळं. तिथे माणूस थांबतो. रात्रीच्या गाडीसाठी दुपारीच येऊन बसलेलं कुटुंब, चादर अंथरून निजलेली पोरं, टाटा रुग्णालयातून गावी परतणारा पेशंट, आझाद मैदानावरच्या आंदोलनाला आलेले शेतकरी. या शहरात पैसे न देता, कुणी उठवेल या धास्तीशिवाय पाठ टेकायला जागा किती उरल्यात?

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. काम व्हायलाच हवं, गर्दीला ही जागा केव्हाच अपुरी पडू लागली आहे. जुन्या इमारतीची नक्षी जपली जाईल याची मला फारशी काळजी नाही, तिच्यावर साऱ्या जगाचं लक्ष आहे. काळजी वाटते ती चादर अंथरणाऱ्या कुटुंबाची. नवे आराखडे समोर येतील तेव्हा दुकानांचे गाळे किती, हे आपण पाहूच. त्याबरोबर हेही विचारूया की बाकडी किती, पिण्याच्या पाण्याचे नळ किती, बायकांसाठी स्वच्छतागृहं किती आणि ती फलाटापासून किती लांब. जनरलच्या डब्यानं जाणाऱ्या माणसाला गाडी येईपर्यंत बसायला सावलीत जागा मिळणार का, ते आराखड्यात कुठे दाखवलंय, तेही विचारूया.