जळाऊ लांकडाचा न्याय्य भाव



आज पुष्कळ घरीं गॅस आला असला, तरी लग्नकार्याची चूल, बेकरीची भट्टी व स्नानाचा बंब यांस कोठें कोठें अद्यापि सरपण लागतेंच; आणि तें घाऊक घेतांना आपण वजन पाहतों, ओल पाहत नाहीं. कित्येक जातींच्या ताज्या तोडलेल्या लांकडांत निम्मे वजन पाण्याचें असतें. असें १०० किलो लांकूड चांगलें सुकलें म्हणजे सुमारें ६२ किलोच उरतें. किलोस ८ रुपये भावानें तें घेतलें असें धरा. सुकल्यावर तेंच सुमारें १३ रुपयांस पडलें!

यास्तव चार कुटुंबांनीं मिळून परवान्याचा माल फाल्गुन-चैत्रांत घ्यावा, काट्यावर आपल्या समक्ष तोलवावा, आणि फोडून, उन्हांत सुकवून मृगापूर्वीं छपराखालीं रचावा. विकणारानेंही ओल्याचा व सुक्याचा भाव निरनिराळा सांगावा.

मात्र भाव पाडतांना एक गोष्ट विसरूं नये. कुऱ्हाड चालविणाऱ्याची मजुरी त्यांत पुरी बसली नाहीं, तर आपली बचत त्याच्या पोटास चिमटा देऊन झाली असें होईल. मुंबई प्रांतांत १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, त्या मक्तेदाराचा पाश सुटून श्रमाचें मोल श्रम करणाराच्याच हातीं पडावें म्हणून.

तोडणारा, विकणारा व घेणारा हे तिघेही पुढील वर्षीं एकमेकांस ताठ मानेनें भेटूं शकतील, तोच भाव न्याय्य समजावा.