'डाय' टोचून घेण्यापूर्वी



मी कापडाचा व्यापारी, वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. तरी गेल्या वैशाखात माझी अँजिओग्राफी ठरली, तेव्हा उमगलेले आपणांपुढे ठेवतो. या तपासणीत, तसेच अनेक सी.टी. स्कॅनमध्ये, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त 'डाय' टोचतात. तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. निरोगी मूत्रपिंडांना फारशी भीती नाही; पूर्वी समजत त्याहून धोका कमी असल्याचे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२० साली स्पष्ट केले. काळजी आहे ती ज्यांचा ई.जी.एफ.आर. ३० च्या खाली आहे त्यांची. शरीरात पाण्याची तूट असेल तर त्यात भरच पडते.

आणि आपली गोष्ट येथेच येते. सोलापूरचे ऊन, सूर्यास्तानंतर चौविहार आणि सकाळी उपाशीपोटी तपासणी! मी डॉक्टरांना व्रताविषयी बोललोच नव्हतो. "काका, पाणी केव्हा प्यालात?" असे परिचारिकेने विचारले, तेव्हा उलगडा झाला. क्रिएटिनीन वाढलेले निघाले. तपासणी पुढे ढकलली, सलाईन दिले. तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी रक्त पुन्हा पाहिले, कारण बिघाड दोन-तीन दिवसांनी दिसतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही आधी विचारावे.

माझे व्रत सुटलेले नाही. मात्र दवाखान्याच्या फायलीत औषधांच्या यादीखाली आता माझे नियमही लिहिलेले असतात.