मोठ्या भावाचा आनंद

हिब्रू धर्मग्रंथातली भावाभावांची पहिली गोष्ट खुनाची आहे. काइनाने हाबेलला मारले. पुढे याकोबाने एसावचा आशीर्वाद लाटला. योसेफाला तर भावांनीच विकले. त्यानंतर ‘निर्गम’ या ग्रंथात मोशे आणि अहरोन येतात.

इजिप्तच्या गुलामीतून लोकांना सोडव, असा आदेश मोशेला झाला. तो म्हणाला, मी जिभेचा जड आहे. ईश्वराने त्याची जीभ मोकळी केली नाही, सोबतीला भाऊ दिला. मोशेने सांगावे, अहरोनाने ते लोकांपुढे बोलावे. फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे 80 वर्षांचा होता, अहरोन 83 वर्षांचा. म्हणजे मान धाकट्याला मिळाला होता. तरी तुला पाहून त्याला मनापासून आनंद होईल, असे ईश्वराने मोशेला आधीच सांगितले होते.

कुराणात हेच दोघे मूसा आणि हारून. तिथे मूसा स्वतःच भावाची साथ मागतो.

वाट दाखवणारा ईश्वर. पण हेवा गिळून त्या वाटेवर सोबत चालायचे, ते माणसानेच. बांधावरून, वाटणीवरून घरात अबोला धरला जातो, तेव्हा अहरोन आठवावा. धाकट्याला भेटायला तो वाळवंट तुडवत गेला आणि देवाच्या डोंगरापाशी त्याने त्याचे चुंबन घेतले.