प्रतीक्षेतील तरुण मने



२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. देशात मात्र लाख लोकांमागे सरासरी एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. मुलांचे तज्ज्ञ त्याहून विरळ. लेकरू मोठ्या कष्टाने बोलते होते, तेव्हा भेटीची वेळ मिळत नाही. ती मिळेपर्यंत ते पुन्हा मिटून जाते.

हा मधला काळ घरानेच सांभाळायचा असतो. लोकलज्जा बाजूला ठेवून मुलाचे ऐकावे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशन मिळते. परंतु दूरध्वनी हा तज्ज्ञाला पर्याय नव्हे. समाजाच्या शिष्यवृत्त्यांनी डॉक्टर, अभियंते घडविले. आता त्यांतून मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशकही घडावेत, ही नम्र विनंती.